तिसऱ्या तारेचा मागोवा

डीसीएस या सिम्युलेटरमध्ये एफ/ए-१८सी हॉर्नेट घेऊन विमानवाहू जहाजावर परतायचे, तर त्याचा ठरलेला शिरस्ता आहे. जहाजाच्या मागून यायचे आणि त्याच्या उजव्या अंगाने ८०० फुटांवरून, ३५० नॉट वेगाने, पुढे निघून जायचे. मग डावीकडे कडक वळण घेऊन वेग मारायचा, चाके आणि हूक खाली सोडायचे, ६०० फुटांवर येऊन जहाजाच्या उलट दिशेने समांतर जायचे. जहाजाचा मागचा काठ बाजूला आला की पुन्हा डावीकडे, आता उतरत उतरत. वळण संपते तेव्हा समोर तिरका डेक असतो आणि हाताशी १५ ते १८ सेकंद. तेवढ्या वेळात तीनच गोष्टी पाहायच्या: डेकच्या डाव्या कडेचा दिवा, मधली रेघ आणि समोरून येणाऱ्या हवेशी विमानाचा होणारा कोन. हा कोन ८.१ अंशांवर धरला की वेग आपोआप बरोबर राहतो, म्हणून वेगाच्या आकड्याकडे बघायचेच नाही. उंची कमी पडली तर नाक उचलायचे नाही, इंजिनाचा जोर वाढवायचा. चाके डेकवर आदळली (टेकली म्हणण्याइतके ते हळुवार नसते) की थ्रॉटल पूर्ण पुढे. थांबायच्या क्षणी जोर का? कारण हूकने डेकवर आडवी ताणलेली एकही तार पकडली नाही, तर डेक संपायच्या आत पुन्हा उडायचे आहे. तारा चार. पकडायची तिसरी.

नव्याने शिकणाऱ्याला वाटते, गेम बनवणाऱ्या कुणीतरी छळायला हे नियम रचले असावेत. ते अमेरिकी नौदलाचे आहेत, जवळपास जसेच्या तसे. लढाऊ विमानांच्या बाकीच्या खेळांचा वंश शोधत गेलो, तर तो व्हिडिओ गेमच्या दुकानाशी येऊन थांबतो. या एका कसबाचा वंश मात्र गेम जन्मायच्या कितीतरी आधी सुरू होतो, आणि त्यात नौदलेच शेतात, तळ्यात आणि लाकडी खोक्यात बसून जहाज-जहाज खेळताना दिसतात.

सुरुवात अर्थात खऱ्या जहाजावर झाली. १४ नोव्हेंबर १९१० रोजी यूजीन एली या अमेरिकी वैमानिकाने ‘बर्मिंगहॅम’ या युद्धनौकेवर ठोकलेल्या लाकडी फळ्यांवरून विमान उडवले. ते इतके खाली गेले की पाण्याला लागून वर आले. १८ जानेवारी १९११ रोजी तो सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात नांगरलेल्या ‘पेनसिल्व्हेनिया’वर उतरला. डेकवर आडवे दोर ताणले होते, प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना वाळूच्या पिशव्या होत्या आणि विमानाखाली हूक लोंबत होते. एलीला पोहता येत नव्हते, म्हणून त्याने अंगाभोवती सायकलच्या ट्यूबा गुंडाळल्या होत्या. आडवा दोर आणि लोंबता हूक ही जोडी आजही तीच आहे. दोराच्या जागी पोलादी तार आली आणि वाळूचे काम डेकखालची यंत्रे करू लागली, इतकेच. एली त्याच वर्षी ऑक्टोबरात एका प्रदर्शनात विमान कोसळून गेला.

‘पेनसिल्व्हेनिया’ निदान उभी होती. चालत्या जहाजावर पहिल्यांदा उतरला ब्रिटिश नौदलाचा एडविन डनिंग, २ ऑगस्ट १९१७ रोजी, स्कापा फ्लो येथे ‘फ्युरियस’वर. तार नाही, हूक नाही. डेकवरचे लोक धावले आणि त्यांनी विमान हातांनी धरून खाली ओढले. पाच दिवसांनी पुन्हा प्रयत्न करताना त्याचे विमान कडेवरून समुद्रात गेले आणि तो बुडाला. उतरता येते हे सिद्ध झाले होते. शंभर जणांना हे शिकवायचे कसे, हा प्रश्न मात्र तसाच होता, कारण खऱ्या डेकवर चुकत चुकत शिकणे कुणालाच परवडणारे नव्हते.

१९२२ साली अमेरिकेने एका कोळसावाहू जहाजाचे रूपांतर करून ‘लँग्ली’ ही आपली पहिली विमानवाहू नौका केली. तिचा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी केनेथ व्हायटिंग डेकच्या मागच्या कोपऱ्यात उभा राहून प्रत्येक विमान उतरताना पाहत असे, आणि पाहता पाहता त्याचे अंग आपोआप वाकत-उचलत असे. वैमानिकांच्या ध्यानात आले की या माणसाच्या हालचालींवरून आपण वर आहोत की खाली, ते कळते. मग तिथे एक माणूस मुद्दाम उभा करायची रीतच पडली. पुढे त्याच्या दोन्ही हातांत रंगीत फलक आले, आणि फलक कधीच गेले तरी या अधिकाऱ्याला ‘पॅडल्स’ हे नाव चिकटून राहिले. व्हायटिंगने आणखी एक गोष्ट केली, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. हाताने फिरवायचा कॅमेरा लावून तो प्रत्येक लँडिंगचे चित्रीकरण करून घेई आणि नंतर ते पाहून चुका काढल्या जात. सिम्युलेटरमध्ये उतरून झाल्यावर हौशी लोक तेच लँडिंग रीप्लेमध्ये चार बाजूंनी पाहतात, त्याचे मूळ इथे आहे. जे केले ते पुन्हा पाहायचे, तेही दुसऱ्याच्या डोळ्यांनी, ही सवय या धंद्यात पहिल्यापासून आहे.

पॅडल्स अजूनही प्रत्येक लँडिंगला शेरा देतो. साधारण बरे ते ‘ओके’, थोडे डगमगले तर ‘फेअर’, त्याखाली ‘नो ग्रेड’, आणि जिवावर बेतणारे ते ‘कट’. हे शेरे स्क्वाड्रनच्या खोलीतल्या फळ्यावर रंगांत लावले जातात, सगळ्यांना दिसतील असे. युद्धात कुणी काय केले यापेक्षा काल रात्री कोण कसा उतरला, याची चर्चा तिथे जास्त होते म्हणतात, आणि त्याला आधारही आहे. व्हिएतनाम युद्धात नौदलाच्या वैमानिकांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा ते बॉम्ब टाकताना नव्हे, तर जहाजावरून उडताना आणि जहाजावर उतरताना सर्वांत जास्त पडत असल्याचे दिसले.

आता खोट्या जहाजांकडे येऊ. सर्वांत स्वस्त खोटे जहाज म्हणजे जमिनीवरच्या धावपट्टीवर रंगाने आखलेला डेक. त्यावर टेकायचे, पुन्हा उडायचे, पुन्हा टेकायचे; अमेरिकी वैमानिक समुद्रावर जाण्याआधी आजही हे करतात. सर्वांत अजब खोटी जहाजे मात्र दुसऱ्या महायुद्धात शिकागोजवळ मिशिगन तळ्यात फिरत होती. ‘वुल्व्हरीन’ आणि ‘सेबल’ या मूळच्या प्रवासी आगबोटी, कोळशावर चालणाऱ्या, दोन्ही बाजूंना पाणचक्रे असलेल्या. वरचे मजले कापून त्यांवर सपाट डेक बसवला. विमाने ठेवायला खाली जागा नाही, त्यांना वर-खाली नेणारी लिफ्ट नाही, तोफा नाहीत. गोड्या पाण्यात जर्मन पाणबुड्या येणार नव्हत्या, हा त्यांचा मोठा गुण. वारा पडला की मात्र सराव थांबवावा लागे, कारण या बोटींचा स्वतःचा वेग जड विमानांना पुरत नसे. तरीही १७,००० हून अधिक वैमानिक या दोन बोटींवर तयार झाले. त्यांतला एक जॉर्ज बुश, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला. तो ‘सेबल’वर उतरला होता. तळ्याच्या तळाशी शंभरावर विमाने गेली. पर्ल हार्बर आणि मिडवे या दोन्ही ठिकाणांहून वाचलेले एक डॉन्टलेस विमान शेवटी इथे, शिकाऊ वैमानिकाच्या हाती, बुडाले. वर काढल्यावर ते आता पेन्साकोलाच्या संग्रहालयात आहे.

खोट्या विमानाचा उगम याहून गमतीदार. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावात एडविन लिंकच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. विमान शिकण्याची फी परवडेना, म्हणून या पोराने १९२० च्या दशकाअखेर कारखान्यातलेच भाते आणि हवेचे पंप वापरून एक छोटे विमान बनवले. ते जागेवरच डुलत असे, आपल्या बाजाच्या पेटीला पंख फुटावेत तसे. लष्कराने आधी दुर्लक्ष केले आणि ते यंत्र जत्रेतल्या पाळण्यासारखे पैसे घेऊन चालवले गेले. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराकडे टपाल वाहण्याचे काम आले, धुक्यात आणि अंधारात वैमानिक पटापट मेले आणि मग घाईघाईने सहा लिंक ट्रेनर विकत घेण्यात आले. महायुद्धात अशी दहा हजारांवर यंत्रे बनली. त्यात खिडकीबाहेर बघायला काही नव्हते. डोक्यावर झाकण आणि समोर काटे. वैमानिकाने शरीराला काय वाटते ते विसरून काट्यांवर भरवसा ठेवायला शिकायचे होते. घरच्या सिम्युलेटरचे मोठे वैगुण्य म्हणून सांगतात की खुर्ची हलत नाही, पोटात गोळा येत नाही. लिंकच्या खोक्यातले शिक्षण पोटावर विश्वास ठेवू नका, हेच होते.

जेट विमाने आली आणि फलकवाल्याचे हात अपुरे पडू लागले. येणाऱ्या विमानाचा वेग इतका की त्याने पाहून, ठरवून, इशारा करेपर्यंत वेळ निघून जाई. १९५१ मध्ये ब्रिटिश नौदलात डेनिस कॅम्बेलने डेक तिरका करण्याची कल्पना मांडली, म्हणजे तार चुकली तर पुढे उभ्या विमानांवर न आदळता पुन्हा उडता यावे. त्याच सुमारास निकोलस गुडहार्टने फलकवाल्याला पर्याय शोधला. गोष्ट अशी सांगतात की त्याने कचेरीत आपल्या सेक्रेटरीचा छोटा आरसा टेबलावर उभा केला, त्यावर लिपस्टिकने आडवी रेघ मारली, समोर टॉर्च लावली आणि तिला सांगितले: उजेडाचा ठिपका रेघेवर ठेवत चालत ये. ती ठिपका सांभाळत, वाकत वाकत पुढे आली आणि तिची हनुवटी टेबलाला टेकली. जहाजावरचा आरसा चाचणीला गेला तो त्यानंतर. पुढे आरशाच्या जागी भिंगे आली: ठिपका हिरव्या दिव्यांच्या ओळीवर दिसला तर उतार बरोबर, वर गेला तर तुम्ही उंच, खाली जाऊन लाल झाला तर जीव धोक्यात. वैमानिक त्याला ‘बॉल’ म्हणतात आणि तो दिसताच रेडिओवर तसे सांगतात.

मला हा सगळ्या वंशावळीतला कळीचा क्षण वाटतो, कारण इथे जहाजावर उतरणे हीच एका दिव्याकडे बघत राहण्याची क्रिया झाली. समुद्र, क्षितिज, लाटा, हे सारे वैमानिकाने बघायचे राहिले नाही. जहाजावरच्या भिंगाऐवजी लिपस्टिकची रेघ चालते, तर काचेच्या पडद्यावर उमटवलेला ठिपकाही चालणार होता. अडचण एवढीच की पडद्यावर तो फार बारीक दिसतो. डोळ्यांना जो सूक्ष्म फरक खऱ्या हवेत कळतो, तो पडद्याच्या चार-दोन ठिपक्यांत हरवतो. म्हणून सिम्युलेटरमध्ये त्या दिव्याचे मोठे चित्र कोपऱ्यात दाखवायची सोय द्यावी लागली. कट्टर लोक ती बंद ठेवतात आणि डोळे बारीक करून बसतात.

पडद्याची कथाही नौदलाच्याच दारातून सुरू होते. १९४४ मध्ये अमेरिकी नौदलाने एमआयटीला एक काम दिले: वेगवेगळ्या विमानांसाठी वेगवेगळी खोकी कशाला, हव्या त्या विमानासारखे वागू शकेल असे एकच यंत्र बनवा. जे फॉरेस्टर हा तरुण अभियंता त्यावर बसला. विमानाचे समीकरण चालू उड्डाणात सोडवायचे तर चाके-दांड्यांची यंत्रे पुरणार नाहीत, अंकांवर चालणारा संगणक हवा, हे त्याच्या लक्षात आले. संगणक वाढत गेला, कॉकपिट बाजूला पडले. ‘व्हर्लविंड’ नावाचे ते यंत्र १९५१ मध्ये चालू झाले, त्यासाठी चुंबकीय स्मृतीचा शोध लागला, आणि शेवटी ते अमेरिकेच्या हवाई संरक्षणाच्या कामी गेले. वैमानिकाला त्यातून काही मिळाले नाही. पण मागितलेल्या क्षणी उत्तर देणारा संगणक जन्माला येण्यामागे नौदलाला हवे असलेले एक खोटे विमान होते.

घरच्या संगणकांच्या काळात मला फार रेंगाळायचे नाही, त्यावर बरेच लिहिले गेले आहे. ब्रूस आर्टविकने इलिनॉय विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधातून विमानाचे चित्र पडद्यावर चालवले, मग सबलॉजिक ही कंपनी आणि १९८० च्या सुमारास ॲपल २ साठी पहिले फ्लाइट सिम्युलेटर आले. त्याच कंपनीच्या १९८५ च्या ‘जेट’मध्ये जमिनीवरून एफ-१६ किंवा जहाजावरून एफ-१८, असा पर्याय होता. निन्टेन्डोवर १९८७ मध्ये आलेल्या ‘टॉप गन’मधले जहाजावरचे लँडिंग इतके कुप्रसिद्ध झाले की शत्रूची विमाने पाडणारी मुले तिथे येऊन हरत. १९८८ मध्ये अमिगा संगणकावर ‘एफ/ए-१८ इंटरसेप्टर’ आले. त्यात सॅन फ्रान्सिस्कोचा उपसागर होता, ‘एंटरप्राइज’ हे जहाज होते, आणि मोहिमा हव्या असतील तर आधी जहाजावर उतरून दाखवावे लागे. एलीच्या पहिल्या लँडिंगचेच पाणी ते. बनवणाऱ्यांच्या मनात हे होते की नाही, कोण जाणे. पुढे मायक्रोप्रोजचे ‘फ्लीट डिफेंडर’ १९९४ मध्ये आणि जेन्सचे ‘एफ/ए-१८’ २००० मध्ये. त्यानंतर मोठ्या अमेरिकी कंपन्यांनी या धंद्यातून अंग काढून घेतले.

तो धंदा टिकवला मॉस्कोत मूळ असलेल्या ईगल डायनॅमिक्सने. १९९५ मध्ये ‘सु-२७ फ्लँकर’, आणि १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सु-३३ हे नौदलाचे विमान आणि ‘ॲडमिरल कुझनेत्सोव्ह’ हे जहाज. त्या जहाजावर वाफेने ढकलणारा कॅटापल्ट नाही. पुढचा डेक वर उचललेला, विमान स्वतःच्या जोरावर त्या चढावरून हवेत झेप घेते, आणि परतताना तारा. भारतीय वाचकाने इथे थांबावे. आपल्या नौदलाची गोष्ट याच जातकुळीची आहे.

पहिली ‘विक्रांत’ ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला नौदलात आली ती तिरका डेक आणि वाफेचा कॅटापल्ट घेऊनच. त्याच वर्षी १८ मे रोजी लेफ्टनंट राधाकृष्ण ताहिलियानी तिच्यावर जेट घेऊन उतरले. पुढे ते नौदलप्रमुख झाले. मुंबईत ती संग्रहालय होती तेव्हा ज्यांनी तिच्यावर पाय ठेवला, त्यांना सुमारे सातशे फुटांचा डेक ऐसपैस वाटला असेल. तोच वरून, उतरत्या विमानातून, कसा दिसत असेल याची कल्पना डेकवर उभे राहून येत नाही, सिम्युलेटरमध्ये थोडीफार येते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘विक्रमादित्य’ नौदलात आली, रशियाकडून, चढ आणि तीन तारांची. फ्लँकरच्या दुसऱ्या आवृत्तीत कुझनेत्सोव्हवर धडपडणाऱ्या मराठी पोरांनी नकळत आपल्या नौदलाच्या पुढच्या पद्धतीचाच सराव केला होता.

या पद्धतीतही खोटे जहाज आहे. सोव्हिएतांनी क्रिमियातल्या साकी इथे जमिनीवर चढ आणि तारा बांधून वैमानिक घडवले. १९८९ मध्ये व्हिक्टर पुगाचोव्हने सु-२७ चे नौदली रूप खऱ्या जहाजावर उतरवले, त्याआधीचा सराव तिथलाच. तशीच सोय गोव्यात दाबोळीला, ‘हंसा’ या नौदलाच्या तळावर आहे. त्याच तळाच्या धावपट्टीवर प्रवासी विमानेही उतरतात. २० डिसेंबर २०१४ रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी तेजसचे नौदली रूप तिथल्या चढावरून उडवले. तिथेच तार पकडून उतरणे जमले ते १३ सप्टेंबर २०१९ ला, आणि ११ जानेवारी २०२० रोजी मावळणकरच ते विमान घेऊन ‘विक्रमादित्य’वर उतरले. गोव्याच्या सिमेंटवरच्या जहाजावरून खऱ्या जहाजावर यायला पाच वर्षे लागली.

इकडे ईगल डायनॅमिक्सने आपल्या डीसीएसमध्ये जून २०१८ च्या सुमारास हॉर्नेट दिले, २०१९ मध्ये हीटब्लर या कंपनीने टॉमकॅट हे विमान आणि २०२० मध्ये पुन्हा ईगलनेच ‘सुपरकॅरियर’ हे जहाज. त्यात डेकवर रंगीत जाकिटांची माणसे फिरतात, कॅटापल्टवर ढकलण्याआधी सॅल्यूट मारायला एक कळ आहे, आणि पॅडल्स शेरा देतो. काही हौशी स्क्वाड्रनांत तर दुसरा खेळाडू पॅडल्स होऊन बोलतो. मला तो यंत्राच्या पॅडल्सपेक्षा बरा वाटतो, कारण त्याचा आवाज चढतो.

गंमत अशी की हे सगळे इतके बारकाईने घरी आले, तेव्हा नौदल ते सोडू लागले होते. एप्रिल २०१५ मध्ये एका नव्या संगणक-प्रणालीची समुद्रावर चाचणी झाली. तिचे टोपणनाव ‘मॅजिक कार्पेट’. वैमानिकाने काठी पुढे-मागे केली की इंजिन आणि पंखांच्या झडपा विमानाला उतारावर सरळ वर-खाली सरकवतात. इंजिन आणि कोन यांची सततची झटापट वैमानिकाच्या हातून यंत्राकडे गेली. चाचणीचे जहाज ‘जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश’, म्हणजे मिशिगन तळ्यातल्या पाणचक्राच्या बोटीवर शिकलेल्या त्याच वैमानिकाच्या नावाचे. आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये एफ/ए-१८सी अमेरिकी नौदलाच्या सक्रिय सेवेतून निवृत्त झाले. मरीन कोअरकडे काही उरली.

नव्या पद्धतीत अपघात कमी आणि सराव सोपा, तेव्हा नौदलाने केले ते योग्यच केले. मला उत्सुकता आहे ती वेगळी. हौशी लोकांपुढे उद्या नवे, स्वतःच उतार सांभाळणारे विमान आले, तर ते घेतील का? माझा अंदाज, घेतील, आठवडाभर उडवतील आणि हॉर्नेटकडे परत येतील. तिसरी तार यंत्राने पकडून दिली, तर पॅडल्सशी भांडायला काय उरते?